महादेवरावांच्या फियाटची चावी

लकडगंज, नागपूर
१२ जानेवारी १९७६

चंद्रभानभाऊ,

पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नको, घरी सगळे ठीक आहेत. मामाजी मात्र होते तसेच आहेत. दसऱ्यानंतर अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात, उजवा पाय हलत नाही आणि तोंडातून एक शब्द नाही. डोळे तेवढे सगळीकडे फिरतात. दिवसभर ओसरीतल्या बाजेवर पडून अंगणातल्या फियाटकडे पाहत राहतात.

त्या गाडीसाठीच लिहून राहिली आहे. ह्यांनी ती विकायची ठरवली. मामाजींचं ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं, शिकवणारं कोणी नाही, ह्यांची कोराडीच्या बिजलीघरात शिफ्टची नोकरी. गाडी गंजून जाण्यापेक्षा गेलेली बरी, असं हे म्हणतात. मला ते पटतं, आणि पटतही नाही. अर्ध्या नागपुराला मोटार शिकवलेला माणूस आमच्या घरी आहे. आपल्या सुनेला मात्र त्यानं कधी त्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसू दिलं नाही, ते जाऊ दे.

अडचण अशी की गाडीला चावीच नाही. मामाजी त्या दिवशी गाडी बंद करून उतरले आणि अंगणातच कोसळले. दवाखान्याच्या धावपळीत किल्ल्यांची कडी कुठे पडली कोणालाच कळलं नाही. दुसरा जोडही त्याच कडीत ठेवायची त्यांची सवय. सगळं घर, अंगण, नाली, सगळं शोधलं. त्यांना विचारलं की ते डावा हात नुसता झटकतात आणि डोळ्यांत पाणी आणतात. आता विचारणंच सोडलं.

गाडी चारी बाजूंनी बंद. काचेतून आत पाहिलं तर त्यांचा चष्मा अजून सीटवर पडलेला दिसतो. तू इंजिनांचा माणूस आहेस म्हणून विचारते, समोर धरायला जुनी चावीच नसेल तर नवी चावी होते का? कशी होते?

गोपिका


खापा
१९ जानेवारी

गोपे,

तुझं पत्र दुकानातच वाचलं. एक मोटारपंप खोलून बसलो होतो, म्हणून या कागदाले ग्रीस लागलं, नाक मुरडू नको.

चावी होते वं, काहून नाही होणार? पण चावी काही एका जातीची नसते. आमच्याकडे दुरुस्तीले टॅक्टर येतात, त्याहिचं सोपं असते, एका कंपनीच्या साऱ्या टॅक्टरले बहुतेक एकच चावी चालते. मोटारीचं तसं नाही. तिची चावी चपटी, कोणाच्या एका बाजूले दाते, कोणाच्या दोन्ही बाजूले. आणि तुमच्या जुन्या फियाटले स्विचची वेगळी, दरवाज्याची वेगळी, डिकीची वेगळी असन. एक झाली म्हणजे तिन्ही झाल्या असं समजू नको.

चावीच्या डोक्यावर बारीक नंबर असते. तो कोणाले पाठ असता तर त्या नंबराची चावी मागवता आली असती. पण तुझ्या सासऱ्याची, महादेवरावची, जीभच बंद, तर तो रस्ता संपला. आता राहिला चावीवाला. तो कोऱ्या चावीवर मेणबत्तीची काजळी धरते आणि कुलपात घालून हळूच फिरवून पाहते. आतल्या पत्त्या जिथं अडतात तिथली काजळी निघून जाते. तेवढंच कानसीनं घासाचं, पुन्हा काजळी, पुन्हा घालाची. धीराचं काम आहे. दरवाज्याचं कुलूप तर सरळ खोलून बाहेर काढून, आत पाहून चावी बनवतात. काहीच नाही जमलं तर पूरा स्विच बदलाचा, नव्या स्विचसंगं नव्या चाव्या येतात. तारा जोडूनही गाडी चालू होते, पण ते चोराचं काम, विकाच्या गाडीले शोभत नाही.

जरीपटक्याच्या बाजारात भैय्याजी म्हणून एक चावीवाला बसते, त्याच्याकडे जा. माझं नाव सांग.

आणि गिऱ्हाईकाची चिंता करू नको. सावनेरचे चंपतराव लग्नात भाड्यानं द्याले गाडी पाहूनच राहिले. तुझ्या घरधन्याले, वामनरावले सांग, दुसऱ्या कोणाले शब्द देऊ नका.

चंद्रभान


लकडगंज
३ फेब्रुवारी

भाऊ, भाऊ, गाडी चालू झाली! आणि फक्त गाडीच नाही! थांब, सगळं नीट सांगते, नाहीतर तुला काही समजणार नाही.

भैय्याजी आज सकाळी सायकलवर आले, मागे लाकडी पेटी बांधलेली. हे ड्यूटीवर होते. शेजारच्या शोभाताई आणि मी, दोघीच. भैय्याजींनी काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी आत सोडली, कान लावला आणि खट्! दरवाजा उघडला. मी टाळ्याच वाजवल्या. मग त्यांनी दरवाज्याचं कुलूप खोलून हातावर घेतलं, आतल्या पितळी पत्त्या मला दाखवल्या आणि ओसरीवर बसून चावी घासली. डिकीचीही तशीच केली.

स्विचच्या वेळी मात्र रडवलं. काजळी, कानस, काजळी, कानस. मीच मेणबत्ती धरून उभी. एकदा चावी अर्धी फिरली. मी ओरडले, "फिरली, फिरली! जोर लावा!" आणि त्यांनी लावला. कट्! अर्धी चावी आत, अर्धी त्यांच्या बोटांत.

भैय्याजींनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. म्हणाले, "बाई, तुम्ही चूप बसता का? ताला डरता है."

आत गेलेला तुकडा काढायला त्यांच्याजवळचा चिमटा जाड पडला. मी पळत समोरच्या लाकडाच्या पेठेत गेले, तिथल्या सुताराकडून नक्षी कापायच्या करवतीचं बारीक पातं मागून आणलं. त्या पात्याचे दाते तुकड्यात अडकवून भैय्याजींनी तो असा ओढला की जणू बोटातला काटा काढून राहिले. पुन्हा नवी कोरी चावी, पुन्हा काजळी. या वेळी मी पदर तोंडात धरून बसले. चावी फिरली. फिरली आणि आतमध्ये लाल दिवा लागला, भाऊ! एवढासा, मिणमिणता, पण लागला!

इकडे मामाजी बाजेवर डावा हात आपटत होते. गाडीकडे बोट, स्वतःकडे बोट. मला वाटलं, नको म्हणतात, विकू नका म्हणतात. शोभाताई म्हणाल्या, "अवं, त्याइले बसाचं आहे गाडीत!" पेठेतले दोन हमाल बोलावले आणि त्यांना उचलून डावीकडच्या सीटवर ठेवलं. शिकवताना ते तिथेच बसायचे, त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला आहे. चष्मा उचलून मी त्यांच्या डोळ्यांवर लावला.

बॅटरी उतरलेली, म्हणून धक्का मारायचा ठरला. पण स्टिअरिंगवर कोण बसणार? भैय्याजींना सायकलशिवाय काही येत नाही. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी बसले. मामाजींनी डावा हात लांबवून गिअर टाकला आणि माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. मी तिथला दांडा पूर्ण दाबून धरला. मागून चौघांनी रेटा दिला. गाडी सरकली, वेग आला, फाटक जवळ यायला लागलं, मला काही सुचेना.

"क्लच!"

भाऊ, मामाजी ओरडले! स्वच्छ, मोठ्यानं, "क्लच!" मी दचकून पाय काढला, गाडीनं हिसका दिला आणि इंजिन धडधडायला लागलं! मी स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिले. फाटकाला धडकणार तेवढ्यात त्यांनी डाव्या पायानं आपला ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन बंद पडली. कोणाला काय त्याचं! शोभाताई रडत होत्या, हमाल हसत होते, आणि मामाजी सीटवर हात आपटून म्हणत होते, "क्लच, क्लच, क्लच."



गोपिका


खापा
१० फेब्रुवारी

गोपे,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, सारं दुकान ऐकत होतं. मामाजीची जीभ सुटली हे लय चांगलं झालं. असाच आणखी एखादा शब्द निघाला तर मारुतीले नारळ फोडीन.

आता गाडी चालू आहे तवर काम उरकून घेऊ. चंपतरावले मी सांगून टाकलं. लग्नसराई जवळ आली, त्याले घाई आहे. तू आता स्टिअरिंगवर बसू नको. फाटक वाचलं, खूप झालं. झाकून ठेव.

चंद्रभान


लकडगंज
२० फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र मिळालं. चंपतरावांना एवढ्यात आणू नको. डिकीची चावी अजून नीट बसत नाही. डिकी उघडल्याशिवाय स्टेपनी कशी दाखवणार? मागचं एक टायरही बसलं आहे. भैय्याजींना वेळ नाही. ह्यांचीही शिफ्ट बदलली. होळी होऊन जाऊ दे.

मामाजी बरे आहेत. पोरं मजेत. वहिनींना नमस्कार.

गोपिका


खापा
६ मार्च

गोपिका,

एवढं लहान पत्र तुझ्या हातून मी जन्मात पाहिलं नव्हतं. डिकीची चावी तर त्याच दिवशी झाली असं तूच लिहिलं होतं, आता ते बसत काहून नाही? खरं सांग, वामनराव दुसरं गिऱ्हाईक पाहून राहिले का? तसं असन तर तोंडावर सांगा, मले चंपतरावसमोर खोटं पाडू नका.

मी त्याइले घेऊन पंधरा तारखेले, सोमवारी येऊन राहिलो. डिकी नाही उघडली तर मी उघडतो.

चंद्रभान


लकडगंज
१७ मार्च

भाऊ,

सोमवारी तुझी वाट पाहिली. सकाळी जरा वेळ आम्ही घरी नव्हतो, पण शोभाताईंना सांगून ठेवलं होतं. तू आलाच नाहीस. मंगळवारीही नाही. आता दोन दिवस झाले. तू रागावला असशील, आणि रागवायचा तुला हक्क आहे, कारण मी खोटं लिहिलं. डिकीची चावी पहिल्या दिवसापासून फिरते. टायरही चांगलं आहे. हे दुसरं कोणतंच गिऱ्हाईक पाहून नाही राहिले.

मी गाडी शिकून राहिली आहे.

घे, लिहून टाकलं. त्या दिवशीनंतर दुसऱ्या सकाळी मामाजींनी बाजेवरून पुन्हा गाडीकडे बोट दाखवलं. वाटलं, बसले तर आणखी एखादा शब्द निघेल. बसवलं. मी चावी फिरवली आणि ते म्हणाले, "आरसा." मग "ब्रेक." मग "हळू." घरात बाजेवर पाणी हवं असलं तरी शब्द येत नाही, आणि गाडीत बसले की येतात! डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, जे चालतं आहे ते चालू द्या. बॅटरी भरून आणली, शिकाऊ लायसन काढलं, आणि रोज सकाळी हे शिफ्टवर गेले की हमाल मामाजींना उचलून गाडीत ठेवतात आणि आम्ही निघतो. आधी पेठेच्या मागच्या मोकळ्या जागेत, आता रस्त्यावर. माझं चुकलं की ते डाव्या पायानं ब्रेक दाबतात आणि मांडीवर चापट मारतात. स्वतःच्या नाही, माझ्या! नंतर आपणच लाजतात.

ह्यांना सांगायची हिंमत नव्हती. पण एक दिवस हे लवकर आले आणि पाहतात तर गाडीचं तोंड रस्त्याकडे. रोज घराकडे असायचं. "गाडी कोणी फिरवली?" बाजेवरून आवाज आला, "तिनं."

भाऊ, गाडीच्या बाहेर बोललेला त्यांचा तो पहिला शब्द. हे तिथेच पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "मला शिकवायला बसले होते तेव्हा मी पहिल्याच दिवशी निंबाला गाडी ठोकली. पुन्हा बसलो नाही." आणि थोड्या वेळानं, "तू अजून काय काय ठोकलं?" मी म्हटलं, काहीच नाही. तर हसले! उठून लाल रंगाची डबी शोधायला लागले, गाडीवर शिकाऊचं 'एल' अक्षर काढायला.

आता गाडी विकायची नाही असं हेच म्हणतात. पण तू चंपतरावांना शब्द दिला, त्याचं काय करू? तू सांग. शिव्या दे, पण पत्र लिही.

गोपिका


खापा
२५ मार्च

गोपे,

शिव्या द्यालेच बसलो होतो. पण आधी ऐक. मी सोमवारी आलो होतो.

बसमधून उतरलो, चंपतराव आणि मी रिक्षात बसलो. सेंट्रल अॅव्हेन्यूवर रिक्षावाल्यानं गाडी बाजूले घेतली, म्हणे मागून मोटार येऊन राहिली. पाहतो तर फियाट. हळूहळू, आपल्या बाजूनं, हात बाहेर काढून वळणाचा इशारा देत. स्टिअरिंगवर तू. पदर खोचलेला, दात ओठावर, डोळे असे समोर की बाजूले हत्ती उभा असता तरी दिसला नसता. आणि बाजूले मामाजी, चष्मा लावून, ताठ. मी तर पाहतच राहिलो वं. लहानपणी बैलगाडीचा कासरा हाती दिला की रडाची, ते पोरगी! रागही आला, खोटं नाही सांगत. अर्धांग झालेला माणूस बाजूले, शिकाऊ बाई स्टिअरिंगवर, आणि भावाले थापा! वाटलं, हाक मारावी, इथंच उतरवावं.

तेवढ्यात समोर एक गाय आडवी आली. मी रिक्षात उभा झालो. तू थांबवली. गचका नाही, आवाज नाही. गाय गेली, तू पुन्हा गिअर टाकला आणि निघाली. मामाजीनं तुझ्याकडे पाहून मान हलवली. म्या पाहिली ते मान. असं मान हलवणं मले कोणत्या मास्तरकडून कधी भेटलं नाही.

चंपतराव म्हणे, "काय गा चंद्रभान, हेच तर नाही ते गाडी?"

मी म्हटलं, "नाही गा, ते दुसरी. आपलीचं इंजिन बसलं असं आत्ताच याद आलं, घरी जाऊन काही फायदा नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, फियाटकडे पाहिलं. समजला असन, न समजाले तो काही लहान नाही. पण म्हणे, "मग चाल, इतवारीत जेवून घेऊ." जेवलो आणि परत आलो. त्याले काटोलकडची एक अॅम्बॅसॅडर दाखवून देली, तो खूश आहे.

तुले दहा दिवस लटकवलं ते मुद्दाम. भावाले थापा माराची तेवढी शिक्षा.

आता परीक्षा कधी आहे ते सांग. आणि चाव्यांचा दुसरा जोड करून घे. दोन्ही एका कडीत ठेवू नको!

चंद्रभान


लकडगंज
१९ एप्रिल

भाऊ,

पास! पास! पास!

तू आला होतास आणि मला दिसलाही नाहीस, हे वाचून मी आधी रडले, मग ह्यांना वाचून दाखवलं, मग पुन्हा रडले. गाय मला आठवते. तू नाही.

परीक्षा गुरुवारी झाली. मामाजींना निंबाच्या सावलीत खुर्चीवर बसवलं होतं. इन्स्पेक्टर साहेबांनी मागे घ्यायला लावली, चढावर थांबवली, पुन्हा उचलायला लावली. गाडी एक बोटही मागे सरकली नाही. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "कोणत्या स्कूलमध्ये शिकलात?" मी काही म्हणायच्या आत खुर्चीवरून आवाज आला, "माझ्या."

साहेब वळून पाहतात तर काय, त्यांना स्वतःला मामाजींनीच शिकवलेलं! जाऊन पाया पडले.

येत्या सोमवारपासून स्कूल पुन्हा सुरू होते. पहिल्या विद्यार्थिनी शोभाताई. त्यांच्या मागे आणखी दोघी तयार आहेत. रस्त्यावर शिकवायचं कागदपत्रांचं काम हे करून राहिले, तोवर पेठेमागच्या मोकळ्या जागेत मामाजी डावीकडे, मी मागच्या सीटवर, असं चालणार.

आज पेंटर बोर्ड रंगवायला आला होता. मामाजींचं नाव पुन्हा काढून झाल्यावर त्यांनी डाव्या हातानं खाली जागा दाखवली. पेंटर म्हणाला, "इथं काय लिहू बाबूजी?" मला वाटलं, वेळ लिहायची असेल. मी म्हटलं, "सकाळी सहा ते नऊ लिहा." मामाजींनी जोरजोरात मान हलवली, नाही. ओठ जुळवायला लागले. घामानं कपाळ भिजलं. ह्यांनी एकदोन शब्द सुचवून पाहिले, त्यांनी हात झटकला. पेंटर ब्रश धरून तसाच उभा, आम्ही सगळे तसेच उभे.

लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून त्यांनी मला सूनबाई म्हटलं, पोरांची आई म्हटलं. कधी नावानं हाक मारली नाही. मला वाटायचं, त्यांना माझं नाव आठवतही नसेल.

"गो," ते म्हणाले. मग श्वास घेतला. "गोपिकाबाई."

पेंटरनं विचारलं, "पिवळ्यानं काढू की लालनं?"

"मोठं," मामाजी म्हणाले.

गोपिका